सोलांजचं चौथं पिंप

सोलांज पेरारच्या पायाला भिंगरी होती, हे आमच्या शातो-शालों गावात कुणीही सांगेल. पण खरा घोटाळा तिच्या हातांत होता, आणि तो माझ्याइतका कुणाला ठाऊक नाही. आमची स्वयंपाकघरं भिंतीला भिंत लागून. पलीकडे कपाट सरकवल्याचा आवाज आला की मी समजायची, आज पाऊस आहे आणि बाईला मळ्यात जाता आलेलं नाही. तेच कपाट दुसऱ्या दिवशी परत जागेवर जायचं. मी भिंतीवर मूठ मारून ओरडायची, "सोलांज, त्या कपाटालाच पाय फुटतील आता!" पलीकडून हसू यायचं आणि मग झाडू ऐकू यायचा.

ती त्रेसष्ट साली रेमी पेरारशी लग्न करून आली. बर्गंडीची, बोन शहराच्या बाजूची. तिचे वडील तिकडे एका व्यापाऱ्याचं तळघर सांभाळायचे. तिकडची रीत अशी की दर सोमवारी सगळी पिंपं काठोकाठ भरायची. लाकडातून जेवढी वाईन उडून गेली असेल तेवढी वरून घालायची आणि हवेला बोटभरही जागा ठेवायची नाही. सोलांज सहा वर्षांची असल्यापासून वडिलांमागे झारी घेऊन फिरलेली. लग्नानंतरचा पहिला सोमवार उजाडला आणि ही बाह्या सरसावून सासऱ्यापुढे उभी.

"मामंजी, भरायची वाईन कुठं ठेवता?"

म्हातारा सेलेस्तां चीज कापत होता. "कशात भरायची?"

"पिंपात. सोमवार आहे ना आज."

सेलेस्तां इतका हसला की त्याला ठसका लागला. "पोरी," डोळे पुसत तो म्हणाला, "इथं पिंप भरत नसतात. इथं ते रिकामं होऊ देतात आणि स्वतः गप्प बसतात."

आमचा धंदाच तसा आहे. साव्हान्यां द्राक्षाची वाईन पिंपात घालायची, वर थोडी जागा सोडायची, बूच मारायचं आणि पाठ फिरवायची. काही महिन्यांत तिच्यावर यीस्टची साय धरते, दुधावर धरते तशीच, फक्त करडी आणि सुरकुतलेली. त्या सायीखाली वाईन हळूहळू पिवळी होते आणि तिला अक्रोडाचा वास चढतो. कायद्याने सहा वर्षं तीन महिने. तेवढ्यात पिंपातली तिसरा हिस्सा वाईन उडून जाते. जाऊ द्यायची. पिंप हलवलं किंवा वरून काही ओतलं की साय फाटून तळाला जाते, आणि उघड्या पडलेल्या वाईनचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. बरं, कुणी न शिवताही एखाद्या पिंपाचं व्हिनेगर होतंच, आणि का ते देवालाच माहीत. म्हणून आमच्याकडे चांगला वाईनवाला कोण, तर ज्याला काहीही न करता बसता येतं तो. आमचे हे पिंपं बनवायचे, पण काही न करता बसण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

रेमीही तसाच, थंड डोक्याचा. सोलांज तळघरात उतरली की तिचे हात शिवशिवायला लागायचे. पिंपावर टिचकी मार, बुचावरून बोट फिरव, काही ना काही चालू. मग रेमी तिची दोन्ही मनगटं धरून तिला जिन्याकडे न्यायचा. "चल, यांना जरा बाहेर चरायला सोडू." बाहेर मात्र त्या हातांना तोड नव्हती. छाटणीत ती गड्यांच्या पुढे दोन ओळी असायची. पंधरा वर्षं हे असं गोडीत चाललं.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि रेमी त्याच्याखाली गेला. बेचाळीस वर्षांचा होता. मूलबाळ नव्हतं. तळघरात त्याने शहात्तरच्या सुगीत भरलेली चार पिंपं होती. तो उन्हाळा कधी नव्हे असा कडक होता आणि द्राक्षं साखरेसारखी गोड. सत्त्याहत्तरची द्राक्षं हिमाने जळली, म्हणून त्याच्या हातची तीच शेवटची.

दफन झाल्यावर सगळे सेलेस्तांच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. सॉसेज आणि उकडलेले बटाटे, कुणाच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. रेमीचा धाकटा भाऊ अनातोल तेवढा खात होता. माणूस वाईट नव्हे, पण त्याची भूक कधी मेली नाही आणि तोंडाला कधी कुलूप नव्हतं.

"मळा मी बघीन, बाबा," तो म्हणाला. "वहिनी काय, उन्हाळ्यापर्यंत माहेरी जातील."

"मी कुठंही जाणार नाही, भावोजी," सोलांज म्हणाली. ती उभीच होती, हातात भांडी. "मळा मी करीन."

"मळा कराल हो. तळघराचं काय? तुम्ही बर्गंडीच्या. पहिल्याच सोमवारी झारी घेऊन खाली उतराल."

कुणीतरी हसलं. मला त्या हसणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सगळे सेलेस्तांकडे बघायला लागले, कारण मळा त्याच्या नावावर होता आणि तो देईल त्याचा होणार होता. म्हाताऱ्याने हातातला पाव कुस्करला. मग म्हणाला, "रेमीची चार पिंपं खाली आहेत. किल्ली सोलांजकडे राहील. ब्याऐंशीच्या डिसेंबरपर्यंत चारही सायीखाली राहिली, तर मळा तिचा. एकाला जरी हात लागला, तर अनातोलचा. तोवर दोघांनी मिळून राबायचं."

मला म्हाताऱ्याचा असा राग आला! अजून मातीही ओली होती आणि हा अटी घालत होता. माहेरी सोलांजच्या भावजयीचं राज्य, तिथे हिला पाहुणी म्हणूनही कुणी चार दिवस ठेवलं नसतं. मळा गेला असता तर ती या गावात कोण? वारलेल्या रेमीची परगावची बायको, एवढंच. सोलांज मात्र "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

त्यानंतर ती जी सुटली ती सुटलीच. मळा पुरेना म्हणून पोस्टाचं काम घेतलं आणि मोपेडवरून दरीतल्या पाच गावांना पत्रं वाटू लागली. सकाळी मळा, मग पत्रं, मग परत मळा. गावातले टोळभैरव तिला बघून पैजा लावायचे, हरेल त्याने सगळ्यांना पाजायची. "यंदा भरते बघ!" "छे, पुढच्या सुगीपर्यंत टिकेल." एकाने तिच्या तोंडावर विचारलं, "काय सोलांज, सोमवार कसा काय गेला?" ती म्हणाली, "तुझ्या बायकोचं पत्र देण्यात गेला. पाठवणारा कोण ते विचार तिलाच." पुढे वर्षभर त्या माणसाने तिची चेष्टा केली नाही.

दर मे आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येक पिंपाच्या पोटाला असलेल्या बारक्या नळातून नमुना काढायचा असतो, सायीला धक्का न लावता. सेलेस्तांचे गुडघे गेले होते, डोळ्यांपुढे धुकं आलं होतं, जिना उतरणं शक्य नव्हतं. म्हणून सोलांज चार छोट्या बाटल्या वर आणून त्याच्यापुढे ओळीने ठेवायची. तो एकेक हुंगायचा, जिभेवर घ्यायचा आणि म्हणायचा, "चालतंय." चारही वेळा तेच, "चालतंय." मला वाटायचं, चला, निभावलं पोरीने.

मग ब्याऐंशीचा फेब्रुवारी आला. मी जायफळ मागायला पलीकडे गेले, तर टेबलावर मोठं वाडगं, त्यात व्हिनेगर, व्हिनेगरात नदीचे गोटे, आणि गोट्यांवरून बारीक फेस वर येतोय. सोलांज त्यांच्याकडे बघत उभी, डोळे लाल.

"हे काय शिजवतेस?"

"काही नाही. दगड धुतेय."

"व्हिनेगरात? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय ते सरळ सांग."

तिने वाडगं ढकललं. "सगळ्यांना फेस येतोय, लेओंतीन. सगळे चुन्याचे. एकही चालायचा नाही." आणि रडायलाच लागली. मी दार लावून घेतलं.

झालं होतं ते असं. रेमी गेला त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सर्व संतांच्या सणाला, ती शेवंतीची कुंडी थडग्यावर ठेवून आली आणि सरळ तळघरात गेली. "नुसती बसणार होते गं त्यांच्यापाशी. मग सवयीने टिचकी मारली. चौथं पिंप असं पोकळ वाजलं... मला वाटलं रेमी आत कमी कमी होत चाललाय. माझं मलाच कळलं नाही. त्याने उरलेली वाईन भरून ठेवलेले चार मोठे बुधले होते ना कोपऱ्यात? झारी घेतली आणि ओतत सुटले. साय फाटून खाली जाताना दिसली तेव्हा भानावर आले."

"आणि मग?"

"मग काय? एकदा साय गेली की भरलेलंच ठेवावं लागतं, नाहीतर व्हिनेगर. दर सोमवारी उतरते. थोडी थोडी घालते. काठोकाठ." तिने नाक पुसलं. "पण बाकीच्या तिघांना शिवले नाही, रेमीशपथ. त्या एकाला भरते म्हणून तीन वाचली. तेही नसतं तर चारही भरली असती मी."

"आणि बाटल्या? म्हाताऱ्याला दाखवायच्या?"

"चौथीतही तिसऱ्यातलीच घालते," ती इतक्या हळू म्हणाली की मला पुन्हा विचारावं लागलं.

आता बुधले संपले होते. भरायला रेमीच्या हातचा थेंब उरला नव्हता, दुसऱ्या कुठल्या सुगीची ती घालणार नव्हती, आणि डिसेंबरला दहा महिने होते. बाकीच्या तीन पिंपांतून काढून घालायचं तर साय जायची. म्हणून तिने वडिलांची जुनी युक्ती काढली, वाईन नसेल तर धुतलेले गोटे आत सोडायचे, म्हणजे पातळी वर येते. पण आमच्या नदीचे गोटे चुन्याचे. वाईन त्यांना खाते आणि स्वतः नासते.

रागवायला हवं होतं मी. खोटं बोलली होती ती, तेही आंधळ्या म्हाताऱ्याशी. पण मी म्हणाले, "माझं माहेर दोलच्या जंगलाकडचं. तिकडे गारगोट्या मिळतात, पांढऱ्याशुभ्र. त्यांना फेस येत नाही." पुढच्या रविवारी आम्ही दोघी, दोन थोराड बायका, तिच्या मोपेडवरून निघालो. गाडी चढावर धापा टाकत होती आणि मी मागून ओरडत होते की वजन तुझं आहे, माझं नव्हे. परत येताना पोस्टाची थैली गारगोट्यांनी भरलेली. आयुष्यात मी केलेली ही एकुलती एक लबाडी, आणि खरं सांगते, मजा आली.

मजा तेवढ्या दिवसापुरतीच. डिसेंबर जवळ येत गेला तसे माझेही पाय एका जागी ठरेनात. भिंतीपलीकडे सोलांज येरझाऱ्या घालायची, अलीकडे मी. आमचे हे विचारायचे, "तुला काय झालंय? मुंग्या चावल्या?" मी काय सांगणार? म्हातारा ठरल्या दिवशी खाली येणार आणि काठीने पिंपं ठोकून बघणार होता. तीन पोकळ वाजतील, चौथं भरलेलं. सगळं तिथेच उघडं पडणार.

आदल्या दिवशी मी तिला गाठलं. "ऐक माझं. चौथ्यातला तिसरा हिस्सा काढून टाक. पोकळ वाजेल. साय आहे की नाही ते त्याला दिसत नाही, अनातोलला मी बोलण्यात गुंतवते. चवीला तिसऱ्यातली पुढे कर."

सोलांजने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "काढून कुठं टाकू? मोरीत?"

"मोरीत टाक, नाहीतर माझ्या घशात टाक! मळा जाईल तुझा!"

"माझ्याच्यानं होणार नाही," ती म्हणाली. "रेमीची आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे आणि अनातोल यांनी सेलेस्तांला खुर्चीत बसवून उचलून खाली आणलं. बुचं काढायला पिंपवाला लागतो म्हणून हे, आणि मला बोलावलं नव्हतं म्हणून मी. तळघरात अक्रोडाचा वास भरला होता. म्हाताऱ्याने काठी उचलून पहिलं पिंप ठोकलं. पोकळ. ह्यांनी बूच काढलं, अनातोलने दिवा धरला, साय होती, अखंड. नळातून पेला भरून दिला. म्हाताऱ्याने घोट तोंडात धरून ठेवला. "चांगली," तो म्हणाला. दुसरं तसंच. तिसऱ्याला तो म्हणाला, "याहून चांगली मी केली नाही." अनातोलनेही चाखली आणि नाइलाजाने मान हलवली. त्याचं मला कौतुक वाटलं, कारण ती मान हलवताना त्याचा मळा हातचा चालला होता.

म्हाताऱ्याने काठी चौथ्याकडे वळवली.

"मामंजी," सोलांज म्हणाली, "ते ठोकू नका. ते भरलंय. मी भरलं. रेमी गेला त्याच वर्षी. आणि बाटल्यांत तुम्हाला फसवलं."

एका दमात बोलून मोकळी झाली. आमचे हे बूच हातात धरून तसेच उभे. अनातोलचं तोंड लाल झालं. "तरी मी म्हणत होतो! पहिल्या दिवशी म्हणत होतो! बाबा, अट म्हणजे अट. चार वर्षं मीही वाट बघितलीय. मलाही दोन पोरं आहेत."

"पेला दे," सेलेस्तां म्हणाला.

"कशाला आता?"

"दे म्हटलं ना."

सोलांजनेच भरला. ही वाईन पिवळी नव्हती, फिकी होती. म्हाताऱ्याने हुंगली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. घोट घेतला. मग दुसरा. मीही नंतर चाखली, म्हणून सांगते, तिच्यात अक्रोड जेमतेम होता, पण त्या उन्हाळ्याचं द्राक्ष जसंच्या तसं होतं, आंबट, गोड, जिवंत. आमच्या सायीखाली द्राक्ष विसरायला होतं. म्हाताऱ्याने पेला रिकामा केला.

"ही आपल्या गावची वाईन नव्हे," तो म्हणाला. "आपल्या बाटलीत भरायची नाही." मग पेला तिच्या हातात देत म्हणाला, "पण टाकायचीही नाही."

"बाबा, मळ्याचं बोला," अनातोल म्हणाला.

"मळा तिचा."

"अहो, पण अट..."

"मे आणि नोव्हेंबर," म्हातारा म्हणाला. "दहा वेळा माझ्यापुढे चार बाटल्या आल्या. पहिली खेप सोडली तर नऊही वेळा तिसरी आणि चौथी एकच. माझे डोळे गेलेत, अनातोल. नाक शाबूत आहे. आणि माझ्या खुर्चीखालीच हे तळघर आहे. दर सोमवारी जिना वाजायचा, झारीची कडी वाजायची. लोक म्हणत होते ही जाणार. तूही म्हणालास, रेमीला मातीआड करून आलो त्याच दिवशी. मला वाटलं, पिंपांच्या नावाने तरी चार वर्षं थांबेल, पुढचं पुढे. ज्याला जायचं असतं तो दर सोमवारी जिना उतरत नाही."

मला वाटलं आता सोलांज रडेल, म्हाताऱ्याच्या गळ्यात पडेल. मी रुमाल काढून तयार होते. पण तिने झारी उचलून भिंतीवर अशी आपटली की आमच्या ह्यांच्या हातातलं बूच खाली पडलं.

"तुम्हाला ठाऊक होतं!" ती किंचाळली. "चार वर्षं! मी मेले रोज! तुमच्यापुढे त्या खोट्या बाटल्या मांडत होते मी आणि तुम्ही म्हणत होता, चालतंय! एकदा, एकदा तोंडाने म्हणायचं होतंत, पोरी, थांब. मी थांबले असते! बिनमळ्याची थांबले असते!"

सेलेस्तांची मान खाली गेली. काठीवर ठेवलेले त्याचे हात मी तेव्हा नीट बघितले, म्हाताऱ्या वाईनवाल्याचे मोठे, निश्चल हात.

"ते मला म्हणता येत नव्हतं," तो म्हणाला. "पोरगा गेला होता. गप्प बसण्याखेरीज मला आयुष्यात दुसरं काही आलं नाही, सोलांज."

ती जिना चढून निघून गेली. मार्चपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याचं सूप मात्र रोज बारा वाजता टेबलावर ठेवायची. आणि पिंपं उघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती उतारावर छाटणीला गेली. अनातोल थोड्या वेळाने आला, शेजारच्या ओळीला लागला, आणि दुपारपर्यंत तिच्या दोन ओळी मागे पडला.